जगाचा करडा कोपरा

पहिल्याच आठवड्यात मी एक रोबो पडताना पाहिला. तो कशावर आपटला नाही, नुसता पडत राहिला. पडद्यावर काळोख, कोपऱ्यात एक आकडा, आणि तो आकडा खाली खाली चाललेला. उणे 40. उणे 200. दहाव्या सेकंदाला उणे 490, म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर. काय चुकलं ते मी शोधत होते तोवर मिनिट उलटलं आणि माझा रोबो सतरा किलोमीटर खाली गेला. कशाच्या खाली, ते मला सांगता येत नव्हतं.

शेजारच्या टेबलावरून आमचे लीड उठून आले. पडद्याकडे एकदा बघून म्हणाले, “अगं, वर्ल्डमध्ये जमीन टाकली नाहीस तू. सूर्यपण नाहीये.”

हिंजवडीच्या फेज टूमधली ही कंपनी लहान आहे. गोदामात सामान वाहणारे, गुडघ्याएवढ्या उंचीचे रोबो ती बनवते. नवीन माणसाच्या हातात खरा रोबो लगेच देत नाहीत. कॉम्प्युटरच्या आत एक गोदाम उभं करायचं, त्यात रोबो सोडायचा आणि आधी तिथे हात बसवायचा. त्यासाठी गॅझिबो नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात 2002 मध्ये त्याची सुरुवात झाली. या आतल्या जागेचं नाव ‘वर्ल्ड’. “वर्ल्ड लोड झालं का?” “माझं वर्ल्ड क्रॅश झालं.” “कालचं वर्ल्ड मला मेल कर.” ऑफिसात दिवसभर हे कानावर पडायचं, आणि मंगळवेढ्याजवळच्या गावातून आलेल्या मला प्रत्येक वेळी क्षणभर थांबावं लागायचं. जग मेल कसं करायचं?

ती फाइल उघडून बघितली तर जेमतेम काही ओळींची. सूर्य हवा, ही एक ओळ. जमीन हवी, ही दुसरी. गुरुत्वाकर्षण उणे 9.8. एवढं लिहिलं की जग तयार. वारा नाही, माती नाही, माणूस नाही. सूर्य मावळत नाही. आणि वेळ शून्यापासून सुरू होते, आपण बटण दाबल्यावर.

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर ‘जग म्हणजे’ असं लिहिलं आणि पुढे काहीच सुचलं नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा शब्द मी शेकडो वेळा वापरला होता. पहिल्या वर्षी सी भाषेतला पहिला प्रोग्राम लिहिला तोही जगाला नमस्कार करणाराच होता. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या 1978 च्या पुस्तकापासून सगळेच तसा लिहितात. पण तो नमस्कार मी नेमका कुणाला केला होता, हे कधी मनात आलं नव्हतं.

माझी रूममेट फेज वनमध्ये एचआरला आहे आणि बाहेरून संस्कृतमध्ये एम.ए. करते. वही बघून ती म्हणाली, “कुठलं जग? आपल्याकडे सात-आठ आहेत.” आणि तिने खरोखरच एकेक मोजायला घेतलं. ‘जगत्’ हा शब्द ‘गम्’ धातूवरून आला, गम् म्हणजे जाणे. तेव्हा जग म्हणजे जे चालतं, हलतं, जे थांबत नाही ते. ‘विश्व’ म्हणजे मुळात ‘सगळं’. विश्वेदेव म्हणजे सगळे देव. ‘लोक’चा संबंध पाहण्याशी, जिथवर नजर मोकळी जाते ती जागा. ‘दुनिया’ अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘जवळचं’ असा अर्थ आहे, पलीकडच्या, मेल्यानंतरच्या जगापेक्षा जवळचं. आणि ‘संसार’? सम् आणि सृ, एकत्र वाहत राहणं, जन्ममृत्यूचा फेरा. संस्कृतातला साधक त्यातून सुटायला बघतो, आणि मराठीत आपण तोच मांडतो, भांड्याकुंड्यांसकट.

मला हे ऐकून बरं वाटण्याऐवजी गोंधळ वाढला. हे अर्थ एकमेकांशी भांडत होते. चालतं ते जग असेल, तर माझ्या फाइलमधली जमीन जगात बसत नव्हती. तिच्यावर ‘स्थिर’ असा शिक्का मारावा लागतो. नाहीतर गुरुत्वाकर्षण तिलाही लागू होतं आणि रोबोच्या आधी जमीनच खाली जाते. मी हे रूममेटला सांगितलं, तर ती एकदम उठून बसली. म्हणाली, “हा प्रश्न भास्कराचार्यांचा आहे.”

पुढच्या रविवारी तिने मला ‘सिद्धांतशिरोमणी’तला भाग वाचून, समजावून सांगितला. ग्रंथ 1150 चा. त्यातल्या गोलाध्यायात एका प्रकरणाचं नाव ‘भुवनकोश’, म्हणजे जगाची रचना सांगणारं प्रकरण. भास्कराचार्य तिथे विचारतात, पृथ्वीला कुणीतरी धरून ठेवलंय असं मानलं, तर त्या धरणाऱ्याला कोण धरतं? त्यालाही आधार हवा, त्या आधारालाही आधार हवा. हे संपत नाही. कुठेतरी थांबून म्हणावंच लागणार की हा शेवटचा स्वतःच्याच शक्तीने उभा आहे. मग ते शेवटच्याला म्हणायचं, तर पहिल्याला, म्हणजे पृथ्वीलाच, का म्हणू नये?

ही गोष्ट मी किती वेळा मनात घोळवली असेल. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस सह्याद्रीच्या आश्रयाला राहणारा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्याच्या नातवाने त्याचेच ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख अजून आहे. आणि माझ्या फाइलमध्ये ‘स्थिर: होय’ अशी जी ओळ आहे, ती याच प्रश्नापाशी येऊन थांबते. तिथे कुणी शक्तीबिक्ती सांगत नाही. लिहिणारा नुसता ठरवतो की इथून पुढे विचारायचं नाही. मी वहीत लिहिलं, ‘प्रत्येक जगात एक जागा अशी असते, जिच्याखाली काय आहे हे विचारायचं नसतं.’ तेव्हा वाटलं होतं, उत्तर सापडलं.

आम्ही हिंजवडी गावठाणात एका आजींच्या घरी वरच्या खोलीत राहतो. आजींच्या बोलण्यात जग फार वेळा येतं, पण ते माझ्या वहीतलं एकही नव्हतं. “जग काय म्हणंल” यातलं जग म्हणजे भावकी आणि समोरची आळी. “जगाची रीत हाय बाय” यातलं जग म्हणजे आजवर झालेल्या सगळ्या बायका. आणि आजींचं स्वतःचं जग विचाराल, तर ते पंचक्रोशीत मावतं. माण, मारुंजी, वाकड, नदीपलीकडचं बालेवाडी, आणि मधोमध ग्रामदैवत म्हातोबा. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं त्या दिवशी रस्त्यावर एवढी माणसं असतात की कंपन्यांच्या बसगाड्या थांबून राहतात. आजी गच्चीवरून हात जोडतात आणि वर्षाचा हिशोब तिथून पुढे धरतात. “बगाड झाल्यावर दोन महिन्यांनी आलीस तू,” असं त्या मला सांगतात. मला जूनची तारीख आठवते, त्यांना बगाड.

माझ्या कामातही काळाचं एक मूळ आहे. बहुतेक कॉम्प्युटर वेळ मोजतात ती 1 जानेवारी 1970 पासून, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, सेकंदांत. एकदा सहज हिशोब केला, तेव्हा भारतात किती वाजले होते? पहाटेचे साडेपाच. आजींना विचारलं, त्या साली तुम्ही कुठे होता? “हितंच. नवी नवरी व्हते,” त्या म्हणाल्या. आणि पहाटे साडेपाचला काय करायचा? त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. “धारा काढायचे. अन् काय?” जिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत तिथे भाताची खाचरं होती, गोठा होता, आणि जगातल्या कॉम्प्युटरांचा शून्यावा सेकंद उजाडला तेव्हा ही बाई गाईच्या कासेला हात लावून बसली होती. तो सेकंद हिंजवडीला कळला नव्हता. आज इथल्या प्रत्येक मजल्यावर घड्याळ त्याच सेकंदापासून मोजतं. हे मी वहीत लिहिलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले.

साधारण याच सुमाराला ग्रंथालयात श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे जुने खंड दिसले. त्यांच्या प्रस्तावनाखंडाच्या पहिल्या विभागाचं नाव ‘हिंदुस्थान आणि जग’. पुढच्या विभागांत ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’. मी त्या पहिल्या नावातल्या ‘आणि’ या शब्दावर अडकले. बुद्धाने जगाचे दोन भाग पडतात ते काळाचे. ‘आणि’ने पडतात ते जागेचे, इकडे आपण, तिकडे जग. इतिहासकाराच्या जगाला बाहेर असतं आणि आत असतं. आमच्या ऑफिसातही तेच आहे. ‘ग्लोबल’ म्हटलं की मीटिंग संध्याकाळी सात वाजता असते. अर्थशास्त्र, राजकारण शिकणाऱ्यांकडे तर जगाला नंबरही आहेत. आल्फ्रेड सोव्ही या फ्रेंच अभ्यासकाने 1952 मध्ये ‘तिसरं जग’ हा शब्द काढला. आजींचा गोठा त्या हिशोबाने तिसऱ्या जगात होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

खरा रोबो हातात आला तो पावसाळा संपता संपता, आणि पहिल्याच दिवशी तो काचेवर जाऊन आदळला.

त्याच्या डोक्यावर लिडार असतो. लेझरचा किरण गोल फिरवायचा, तो जिथे आपटून परत येतो तिथवरचं अंतर मोजायचं. एवढंच त्याचं इंद्रिय. किरण काचेतून पार निघून गेला, पलीकडच्या भिंतीवरून परतला, आणि रोबोच्या लेखी मधे काहीच नव्हतं. मी काचेवर हात ठेवून उभी होते. माझा पंजा लिडारला दिसत होता, पडद्यावर पाच-सात ठिपके उमटले होते, हवेत तरंगणारे. काच नव्हती. मी हात खाली घेतला की तेही ठिपके गेले. हिंजवडीत राहून ज्याला काच दिसत नाही, त्याला दिसतं तरी काय, असं मनात आलं.

लीड म्हणाले, “त्याच्या जगात काच नाहीच. तू उएक्सक्युल वाच.” याकोब फॉन उएक्सक्युल हा जीवशास्त्रज्ञ. प्रत्येक प्राण्याला त्याचं स्वतःचं भोवताल असतं, असं तो म्हणे. त्याचं 1934 चं एक छोटं पुस्तक सुरू होतं ते गोचिडापासून. हे वाचल्यावर मी हसले नाही, मला गलबलून आलं, कारण गोचीड मला माहीत आहे. आमच्याकडे खिलार गाई आहेत. पावसाळ्यात अण्णा संध्याकाळी गाईच्या कानामागे, पोळीखाली बोटं फिरवत बसायचे आणि मी चिमणी धरून उभी राहायचे. फुगलेला गोचीड शेंगदाण्याएवढा होतो. ओढला तर तोंड आत तुटून राहतं, म्हणून अण्णा आधी तेल लावायचे, वाट बघायचे, मग नखाने अलगद उचलायचे.

त्या गोचिडाच्या जगात उएक्सक्युलच्या मते तीनच गोष्टी असतात. सस्तन प्राण्याच्या कातडीतून येणारा एका आम्लाचा वास, अंगाची ऊब, आणि केस नसलेली जागा. वास आला की फांदीवरून खाली सुटायचं, ऊब लागली की थांबायचं, उघडी कातडी सापडली की टोचायचं. गाय त्याला माहीतच नाही. चिमणी नाही, अण्णा नाहीत, मी नाही. आणि तरी त्याचं जग अपुरं नाही, जगायला त्याला ते पुरतं. मी आजवर समजत होते की जग एक आहे आणि निरनिराळी शास्त्रं त्याच्याकडे निरनिराळ्या खिडक्यांतून बघतात. त्या दिवसापासून ही खात्री राहिली नाही. खिडकीतून बघणाऱ्याला निदान माहीत असतं की भिंत आहे. गोचिडाला आणि लिडारला भिंतही ठाऊक नाही.

दिवाळीनंतर अण्णा मला भेटायला आले. एसटीने पुणे, तिथून पीएमपीची बस. सोबत ज्वारीच्या पिठाचा डबा आणि शेंगांची चटणी. गेटवर सुरक्षारक्षकाने त्यांचं नाव विचारलं, पडद्यावर शोधलं आणि सांगितलं, “नाव सिस्टीमला नाही.” पाहुण्याचं नाव आदल्या दिवशी टाकावं लागतं, मला ठाऊक नव्हतं. मी मीटिंगमध्ये होते आणि फोन बंद होता. अण्णा पाऊण तास रस्त्याच्या कडेला, डबा मांडीवर घेऊन बसले. मी धावत खाली गेले तेव्हा ते मला शांतपणे म्हणाले, “तो बी काय करणार? त्याच्याकडं माझं नावच नव्हतं.” रक्षकाचा दोष नव्हता, हे खरंच. पण अण्णा समोर उभे होते आणि यादीत नव्हते, म्हणून आलेलेच नव्हते, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

लीडना सांगितलं तर त्यांनी मला दोन शब्द शिकवले, बंद जग आणि खुलं जग. रेमंड रायटर या संगणकशास्त्रज्ञाने 1978 मध्ये बंद जगाचं गृहीतक नेमकं मांडलं. यादीत जे नाही ते खोटं धरायचं. डेटाबेस बहुतेक असेच चालतात, आणि चालायलाही हवेत. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात रात्री 11 ची गाडी नसेल, तर ती नाही असंच आपण धरतो. फलकावर ‘नसलेल्या गाड्या’ कुणी लिहीत बसत नाही. खुल्या जगात मात्र यादीत नसणं म्हणजे एवढंच की अजून कळलेलं नाही. मला लगेच आषाढी आठवली. आमच्याकडून पंढरपूरला त्या आठवड्यात किती जादा गाड्या सुटतात, आणि त्यातली एकही फलकावर नसते. तरी गावातलं कुणी घरी बसून राहत नाही.

त्या रात्री आजींशी बोलताना सातबाऱ्याचा विषय निघाला. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते, आणि बारामध्ये पीक कोणतं ते. आयटी पार्कसाठी जमीन गेली तेव्हा कागदावर नाव आजोबांचं होतं. “मी तिथं भात लावला, खुरपला, झोडपला. कागदात मी कुठंय?” आजी तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या, विचारत होत्या. बंद जगाला उत्तर सोपं आहे. आजींनी त्या जमिनीवर काही केलंच नाही.

“आपल्या नकाशात मात्र तिसरा आकडा आहे बघ,” लीड म्हणाले होते. रोबो एखाद्या जागेत पहिल्यांदा फिरतो तेव्हा तो पाच-पाच सेंटिमीटरच्या चौकटींचा नकाशा करत जातो. मोकळी चौकट 0. अडथळा 100. आणि उणे 1 म्हणजे ‘माहीत नाही’. चित्रात मोकळं पांढरं, अडथळा काळा, न कळलेलं करडं. सुरुवातीला सगळंच करडं असतं. रोबो पुढे सरकतो तसा करड्यातून पांढरा रस्ता उमलत जातो आणि कडेने काळ्या रेघा उठतात. मला ते बघायला फार आवडायचं. हे सगळं मी वहीत नीट लिहिलं. लिहिल्यावर समजलं असं मला वाटलं.

फेब्रुवारीत एका ग्राहकाला दाखवण्यासाठी तळमजल्यावरच्या आमच्या चाचणीच्या जागेचा नकाशा हवा होता. नकाशा झाला होता, पण मागच्या बाजूला, सामानाच्या रॅकच्या पलीकडे, एक मोठा करडा डाग राहिला होता. शेजारी एक तुटक काळी रेघ. मला ते अस्वच्छ दिसलं. मी चित्र उघडलं, रेघ कचरा समजून पुसली आणि डाग पांढरा केला. दोन मिनिटं लागली. नकाशा छान दिसत होता, वरून एकसारखा पांढरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला रोबोने जवळचा रस्ता निवडला, तो त्या पांढऱ्यातून. ती तुटक रेघ म्हणजे दार होतं, नकाशाच्या रात्री बंद असलेलं. आता ते उघडं होतं. दारातून एक पायरी खाली उतरते. लिडार त्याच्या उंचीच्या पातळीत आडवं बघतो, खालची पायरी त्याला दिसत नाही. धाडकन आवाज आला. मी पोचले तर रोबो आडवा, एक चाक वाकलेलं, लिडारची बैठक चिरलेली. आणि त्याच्या भोवती हातातले घास तसेच धरून चार बायका. पत्र्याच्या कपाटांमधली अरुंद खोली, सतरंजी, स्टीलचे डबे, भिंतीवर म्हातोबाचं कॅलेंडर. आमच्या इमारतीची साफसफाई करणाऱ्या मावश्या तिथे जेवत होत्या. आठ महिने मी तिथे नोकरी करत होते, रोज यातल्या एकीला गुड मॉर्निंग म्हणत होते, आणि ही खोली असल्याचं मला माहीत नव्हतं. एका मावशीच्या पायाला चाक घासलं होतं. रक्त नव्हतं, खरचटलं होतं. तिने आधी रोबो सरळ केला.

लीडनी आवाज चढवला नाही. त्यांनी नकाशा उघडला, जुन्या नकाशाशेजारी ठेवला आणि विचारलं, “करडं पांढरं कुणी केलं?” मी म्हटलं, मी. ते म्हणाले, “चूक असलेला नकाशा दुरुस्त करता येतो. पण माहीत नाही ते माहीत आहे असं लिहिलंस, तर ते आता शोधायचं कसं?” मी खाली गेले आणि मावशींच्या पायाला लावायला मलम घेऊन आले. माफी मागितली. माझ्या घशातून शब्द नीट निघत नव्हते. “राहू दे गं पोरी, तुला काय म्हाईत,” त्या म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या, पण वाक्य नेमकं होतं.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, रूममेट मला गणेशखिंडीला आयुकात घेऊन गेली. ही खगोलशास्त्राची संस्था 1988 मध्ये जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिली, इमारत चार्ल्स कोरियांची. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मी मात्र एका वाक्याशी थबकले होते, आम्हाला समजावून सांगणाऱ्या विद्यार्थ्याच्या. त्याने सांगितलं, आपण विश्व म्हणतो तेव्हा दोन गोष्टी म्हणतो. एक दृश्य विश्व, म्हणजे जिथून निघालेला प्रकाश आजवर आपल्यापर्यंत पोचू शकला तेवढं. वय सुमारे 1380 कोटी वर्षं, आणि विश्व प्रसरत असल्याने त्याची कड सगळ्या बाजूंना सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांवर. दुसरं, त्या पलीकडचं. “ते किती आहे?” कुणीतरी विचारलं. “ते आम्ही सांगू शकत नाही,” तो म्हणाला, अगदी सरळ, न ओशाळता. त्याच्या नकाशाला चहूबाजूंनी करडी कड होती आणि ती त्याने पुसलेली नव्हती.

नारळीकरांबद्दल तिथे जे कळलं ते मला फार भिडलं. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. विश्व एका महास्फोटातून सुरू झालं ही कल्पना बहुतेकांनी मान्य केल्यावरही ते तिला आयुष्यभर प्रश्न विचारत राहिले. विश्वाला सुरुवात असलीच पाहिजे असं नाही, हे त्यांचं म्हणणं. बहुमत त्यांच्या बाजूने आलं नाही. आणि याच माणसाने स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा नाव दिलं ‘चार नगरांतले माझे विश्व’. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ज्याचा धंदाच विश्व मोजण्याचा, त्याने ‘माझे विश्व’ म्हणताना हा शब्द चार गावांएवढा केला. मला ते शब्दाचं लहान होणं वाटत नाही. आजींची पंचक्रोशी आणि ही चार नगरं यांत जवळचं नातं आहे. मोजण्याचं विश्व आणि राहण्याचं विश्व यांना मराठीने एकच शब्द ठेवलाय, तो गोंधळ मला आता हवासा वाटतो.

परतताना बसमध्ये रूममेट मला शक्य जगांबद्दल सांगत होती. लाइबनिट्सने 1710 मध्ये म्हटलं की देवाने सगळ्या शक्य जगांतून सर्वांत चांगलं निवडलं. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने 1986 मध्ये तर ती सगळी जगं खरोखर आहेत असं मांडलं. भूमकर चौकातल्या गर्दीत बस उभी होती, शेजारी माणहून शिवाजीनगरकडे निघालेल्या मेट्रोच्या कामाबद्दल दोघं बोलत होते. एखाद्या शक्य जगात मी तो डाग पांढरा केला नसेल, असं वाटलं. पण मावशींच्या पायाला लागलं ते या जगात.

सोमवारी दुपारी मी मेजर टेप घेऊन त्या दाराशी गेले. आत यायला विचारलं. मावशींनी सतरंजीची घडी करून मला जागा दिली. दार 90 सेंटिमीटर, पायरी 17. खोली तीन मीटर बाय दोन. एक मावशी टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली आणि आकडे मोठ्याने वाचत गेली. तिने चौथीपर्यंत शाळा केली होती आणि आकडा वाचायला मिळतोय याचा तिला आनंद होत होता. काम संपल्यावर तिने विचारलं, हे कुठं लिहिणार? नकाशावर, मी म्हटलं. तिथे प्रत्येक जागेला नाव असतं. आमच्या खोलीला काय लिहिशील? मी म्हटलं, तुम्ही सांगा. चौघींनी एकमेकींकडे बघितलं. मग ती म्हणाली, “जेवायची खोली लिही.”

मी तसं लिहिलं, देवनागरीत. खोली पांढरी केली, कारण आता ती मोजलेली होती. दारापुढची अर्धा मीटर पट्टी मात्र बंद ठेवली, रोबोने पायरीजवळ जाऊ नये म्हणून. आणि कपाटांच्या मागे जिथे टेप पोचली नाही, तिथला हातभर करडा तुकडा तसाच राहू दिला.